चारशे अठ्ठेचाळीस रुपयांची तूट : मार्दोळच्या एका खात्याचं वर्ष

जून 2025 मधल्या एका भरपावसाच्या दुपारी भाऊ माझ्याकडे आले. छत्री पडवीत टेकवली, शर्टाच्या आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढलं आणि बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, माझ्या खात्यातून कोणीतरी पैसे काढतोय. थोडे थोडे, पण दर महिन्याला. सायबरवाल्यांकडे तक्रार करू का?"

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी काउंटरवर. पासबुक उघडलं आणि दोन मिनिटांत कळलं की चोर वगैरे कोणी नाही. 590 रुपये, पुन्हा 590, मग 212.40, मग 29.50. सगळ्या रकमा बँकेनेच आपल्या दरपत्रकाप्रमाणे वळत्या केल्या होत्या. प्रत्येकीसमोर कारणही छापलेलं होतं, पण इतक्या आखूड इंग्रजी अक्षरांत की भाऊच काय, त्यांच्या बी.कॉम. झालेल्या मुलीलाही त्याचा अर्थ लागला नव्हता. त्या दुपारी चहा दोनदा झाला. मग मी जुलै 2024 ते जून 2025 अशा बारा महिन्यांचं स्टेटमेंट शाखेतून आणायला सांगितलं आणि पुढचे दोन रविवार आम्ही तिघं, भाऊ, वहिनी आणि मी, पेन्सिल घेऊन ते वाचत बसलो.

त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. नावं देत नाही, बँकेचंही नाही आणि टेम्पोचं कर्ज देणाऱ्या कंपनीचंही नाही. गोव्यातल्या या फोंडा तालुक्यात अशी खाती घरोघरी आहेत.

खातं कसलं होतं

भाऊ सतरा वर्षं कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होते. पगार ज्या खात्यात यायचा ते पगाराचं खातं, म्हणजे त्यात शून्य शिल्लक राहिली तरी चालायचं. मार्च 2024 अखेर त्यांनी नोकरी सोडली. वहिनी मंगेशीला देवळाबाहेर फुलं विकतात. मार्दोळची जाई प्रसिद्ध खरी, पण रोज खपणारा झेंडू आणि शेवंती बेळगावहून येते आणि ती आणणारा दलाल आपला हिस्सा काढून घ्यायचा. भाऊंनी ठरवलं, आपणच लहान टेम्पो घ्यायचा, चोर्ला घाटातून पहाटे जायचं, स्वतःची फुलं आणायची आणि आसपासच्या दोन-चार फुलवाल्यांनाही पुरवायची. विचार चांगलाच होता, अजूनही धंदा चाललाय.

टेम्पोचा हप्ता 11,860 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला. विम्याचा हप्ता 2,140 रुपये, 7 तारखेला. दोन्ही ‘नॅच’ने, म्हणजे आपण एकदा सही केलेल्या आदेशावरून खात्यातून परस्पर जाणारे. आणि हे दोन्ही आदेश भाऊंनी त्याच जुन्या पगाराच्या खात्यावर दिले, कारण दुसरं खातंच नव्हतं.

पगार यायचा थांबला की बँक काही महिने वाट बघते आणि मग ते खातं साधं बचत खातं करून टाकते. भाऊंचं खातं जुलै 2024 मध्ये असं बदललं. तेव्हापासून त्यात महिन्याला सरासरी 10,000 रुपये ठेवणं बंधनकारक झालं. तसा एसएमएस आला होता. तो आम्हाला फोनमध्ये सापडलासुद्धा, कर्जाच्या जाहिराती आणि रिचार्जच्या ऑफर यांच्या मधोमध, न उघडलेला.

आता या घरात पैसा येतो कसा ते बघा. पगार एका दिवशी एकरकमी यायचा. फुलांचा पैसा वीस-वीस रुपयांनी येतो. सोमवारी मंगेशाची पालखी, तेव्हा जास्त. रविवारी पर्यटक असतात, तेव्हा बरा. मंगळवार-बुधवारी पावसात कधी कधी दोनशे रुपयेसुद्धा नाहीत. त्यातला निम्मा क्यूआरवर, निम्मा रोख. रोख रक्कम बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाते आणि तिथूनच बेळगावच्या अडत्याला. थोडक्यात, येणारा पैसा थेंबाथेंबाने आणि जाणारा एकदम हंड्याने. पगाराच्या दिवसांतली सवय मात्र तशीच राहिली: महिन्याच्या सुरुवातीला खात्यात ‘असतातच’.

5 जानेवारी, रविवार

स्टेटमेंटमधला सगळ्यात बोलका महिना जानेवारी 2025. पौष लागलेला, लग्नं नाहीत, नाताळ आणि नववर्षाची गर्दी ओसरलेली. शनिवारी 4 तारखेला रात्री खात्यात 11,412 रुपये होते. हप्त्याला 448 रुपये कमी.

भाऊंना हे माहीत होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा वेळी आपण पटकन म्हणतो, माणूस बेफिकीर आहे. ते बेफिकीर नव्हते. त्यांनी हिशेब केला होता: उद्या रविवार, बँक बंद, हप्ता सोमवारी जाणार, सोमवारी सकाळी मी फोंड्याला जाऊन मशीनमध्ये तीन हजार भरीन. आणि डब्यात त्या रात्री 6,300 रुपये रोख होते.

हा हिशेब काही वर्षांपूर्वी बरोबर ठरला असता. पूर्वी नॅचचे व्यवहार बँकेच्या कामाच्या दिवशीच व्हायचे. 5 तारीख रविवारी आली तर हप्ता सोमवारी जायचा. 1 ऑगस्ट 2021 पासून ही व्यवस्था आठवड्याचे सातही दिवस चालू झाली, रविवार नाही की सणाची सुट्टी नाही. पगार आणि पेन्शन सुट्टीच्या दिवशीही खात्यात यावी हा त्यातला मोठा फायदा, तो खराच आहे. पण जे येतं तसंच जातंही, आणि जाणारी बाजू लोकांच्या अजून अंगवळणी पडलेली नाही. कारखान्यात असताना भाऊंना कोणताच हप्ता नव्हता, त्यामुळे त्यांना हे कळायचं कारणच नव्हतं.

रविवारी सकाळी हप्त्याची मागणी आली, पैसे अपुरे म्हणून परत गेली. बँकेने त्याबद्दल 500 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, असे 590 कापले. शिल्लक 10,822. सोमवारी ठरल्याप्रमाणे भाऊंनी तीन हजार भरले, खात्यात 13,822 झाले आणि ते निर्धास्त झाले. हप्ता आता जाईल म्हणून बुधवारपर्यंत थांबले. मंगळवारी विम्याचे 2,140 गेले. बुधवारी अडत्याचा तगादा आला म्हणून 4,500 त्याला पाठवले. त्यांच्या समजुतीप्रमाणे हप्ता एव्हाना ‘प्रोसेस’ला लागला होता.

शुक्रवारी 10 तारखेला कर्ज देणाऱ्या कंपनीने, यांना काही न कळवता, तोच हप्ता पुन्हा मागितला. खात्यात 8,332 होते. पुन्हा परत, पुन्हा 590. कंपनीचा स्वतःचा बाउन्सचा आकार वेगळा, जीएसटीसह 531, तोही दोनदा. सोमवारी 13 तारखेला भाऊ फोंड्याच्या कार्यालयात जाऊन हप्ता आणि 1,062 रुपये असे 12,922 रोख भरून आले.

मी पाटीवर लिहितात तसं कागदावर मोठ्या आकड्यात लिहिलं: तूट 448, खर्च 2,242. पाचपट. वहिनी हार ओवता ओवता ऐकत होत्या. त्यांच्या मांडीवर ओला पंचा, त्यावर शेवंती, केळीच्या सोपाचा धागा दातात धरलेला. तो काढून त्यांनी विचारलं, "म्हणजे किती माळा?" वीस रुपयांची माळ धरली तर एकशे बारा. त्या काही बोलल्या नाहीत. बोटं तेवढी थांबली.

आणि 6,300 रुपये शनिवारी रात्री घरातच होते. पैसे भरायचं मशीन रात्रीही चालू असतं, रविवारीही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त लागलेली गोष्ट ही आहे. माणसाकडे पैसा होता. तो हप्त्याच्या तारखेला खात्यात नव्हता, डब्यात होता, एवढंच.

वर्षाचा जमाखर्च

बारा महिन्यांत एकूण अकरा मागण्या परत गेल्या, नऊ टेम्पोच्या, दोन विम्याच्या. बँकेचे त्यापोटी 6,490 रुपये. कर्ज कंपनीचे नऊ वेळचे 4,779. किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल सात महिन्यांचे मिळून 2,657.36. खात्यात पैसे नसताना दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घातलं म्हणून चार वेळा 29.50, म्हणजे 118. सगळं मिळून 14,044.36. टेम्पोचे वर्षाचे हप्ते बारा. भाऊंनी तेरावाही भरला, आणि त्यावर दोन हजार जास्त. त्याच खात्यावर वर्षभरात बँकेने दिलेलं व्याज होतं 171 रुपये.

किमान सरासरी शिल्लक ही गोष्ट इथे जरा थांबून समजून घ्यायला हवी, कारण मी काउंटरवर असताना शिकल्यासवरल्या माणसांनाही ती उलगडत नसे. ‘दहा हजार ठेवा’ याचा अर्थ कोणत्याही क्षणी दहा हजारांच्या खाली जायचं नाही असा नव्हे. रोज दिवसअखेरीला जी शिल्लक असते तिची महिनाभराची बेरीज करून दिवसांनी भागतात. तीस दिवस दहा हजार म्हणजे बेरीज तीन लाख. साठ हजार रुपये नुसते पाच दिवस राहिले तरी बेरीज तीन लाखच होते. सप्टेंबर 2024 मध्ये हेच झालं. 7 तारखेला चतुर्थी होती. त्याआधीच्या फुलांच्या विक्रीचे आणि आगाऊ मिळालेले पैसे साठेक हजार पाच-सहा दिवस खात्यात पडून होते, पुढे सगळे अडत्याला गेले, खातं तळाला लागलं, तरी त्या महिन्यात दंड नाही. माघात जत्रेच्या महिन्यातही नाही. भाऊंना वाटायचं, बँक सणाच्या महिन्यात सवलत देते!

जानेवारीत सरासरी 7,000 भरली. कमी पडले 3,000, त्याचे या बँकेच्या दराने 6 टक्के म्हणजे 180, अधिक जीएसटी 32.40. ते 212.40 असे आले होते.

मे महिन्यातला वजा आकडा

एप्रिलची सरासरी फारच घसरली होती, 1,500 वर. त्याचा दंड कमाल मर्यादेइतका, जीएसटीसह 590. मेच्या सुरुवातीला तो कापला तेव्हा खात्यात होते 212 रुपये. पासबुकात छापून आलं: वजा 378.

त्या सकाळी वहिनी नेहमीसारख्या देवळाबाहेर बसल्या. क्यूआरचा बोलणारा डबा प्रत्येक गिऱ्हाइकाला वीस रुपये मिळाल्याचं मोठ्याने सांगत होता. दुपारी मुलीने शिल्लक बघितली तर दोन रुपये. एकोणीस माळांचे पैसे खड्डा बुजवण्यात गेले होते. भाऊंना चोरीचा संशय आला तो या दिवशी.

इथे मात्र चूक बँकेची होती, आणि ती मी ठामपणे चूक म्हणते. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकाने, जे 1 एप्रिल 2015 पासून लागू झालं, तीन गोष्टी घालून दिल्या आहेत. शिल्लक कमी पडली की आधी ग्राहकाला कळवायचं आणि भरपाईला महिनाभराची मुदत द्यायची. दंड जितकी तूट तितक्या प्रमाणात घ्यायचा. आणि केवळ या दंडामुळे बचत खातं शून्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. पहिल्या दोन्ही गोष्टी या बँकेने पाळल्या होत्या. सूचनेचा एसएमएस ऑगस्ट 2024 मध्ये आलेला आम्हाला सापडला. तिसरी पाळली नव्हती.

मागणी परत गेल्याच्या 590 बद्दल नियमाने काही म्हणता येत नव्हतं, तो दरपत्रकात होता. पण तो मला पटत नाही, आणि मी आतली असूनही पटत नाही. मागणी येते, यंत्र शिल्लक बघतं, नाही म्हणतं. कोणी माणूस खुर्चीतून उठतही नाही. त्याला पाचशे रुपये लावले की ते नेमके त्याच माणसाच्या खिशातून जातात ज्याच्याकडे त्या दिवशी चारशे कमी होते, आणि पुढच्या महिन्याची तूट तिथेच तयार होते. भाऊंच्या स्टेटमेंटमध्ये निदान तीन वेळा असं दिसतं की आधीचे आकार कापले नसते तर पुढचा हप्ता सुटला असता.

"ओडी घेऊ का?"

ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट, खात्यात नसलेले पैसे वापरायची मुभा. हा प्रश्न भाऊंनी दुसऱ्या रविवारी विचारला. कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याने सुचवलं होतं. प्रश्न योग्य होता.

आपल्याकडे साध्या बचत खात्यात पैसे नसले की बँक देणं नाकारते आणि नाकारण्याचे पैसे घेते. अमेरिकेत रोजच्या व्यवहाराच्या खात्यावर बऱ्याच बँका उलट करतात: पैसे नसतानाही देणं भागवतात आणि त्या उपकाराचे पैसे घेतात, एका वेळेला तीस-पस्तीस डॉलरपर्यंत. तिथे 2010 पासून एटीएम आणि कार्डावरच्या एकेका खरेदीसाठी ग्राहकाने आधी होकार दिल्याशिवाय हा आकार लावता येत नाही. माझा भाचा जहाजावर असतो, त्याच्या तिथल्या खात्यामुळे मला हे कळलं. दोन्हीकडे मार खाणारा माणूस एकच, महिन्याच्या ठरावीक तारखेला थोडा कमी पडणारा.

आपल्याकडचा ओव्हरड्राफ्ट म्हणजे आधी मंजूर करून घेतलेली मर्यादा. जितके वापरले तितक्यावर, जितके दिवस वापरले तितक्या दिवसांचं व्याज. चालू खात्यावर व्यापाऱ्यांना मिळतो, जनधन खात्यावर अटी पूर्ण केल्यास 10,000 पर्यंत मिळू शकतो, आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे आपल्याच मुदत ठेवीवर. भाऊंची कारखान्याच्या पैशातली 50,000 ची ठेव होती. मी त्यांना मांडून दाखवलं: अख्खा हप्ता, 11,860, पाच दिवसांसाठी 12 टक्क्यांनी ओडीतून घेतला तरी व्याज साडेएकोणीस रुपये. जानेवारीतले 448 रुपये एका दिवसासाठी घेतले असते तर काही पैसे. त्याजागी गेले 2,242.

तरीही मी घाई करू नका म्हटलं. काउंटरवर असताना मी ओडीचे दोन प्रकारचे लोक पाहिलेत. एकाची मर्यादा महिन्यातून चार दिवस वापरली जाते आणि पुन्हा भरून येते. दुसऱ्याची पहिल्या पावसाळ्यात तळाला जाते आणि तिथेच राहते. मग ती रक्कम त्याला आपलीच वाटू लागते आणि व्याज भाड्यासारखं चालू राहतं. फुलांच्या धंद्यात जून-जुलै असे असतात की दुसरा प्रकार व्हायला वेळ लागत नाही. वहिनींनी आपलं मत एका वाक्यात दिलं: "ठेव आहे ती मुलीची आहे." तिथे तो विषय संपला, आणि मला वाटतं बरोबर संपला. गरज पडली तर वाट माहीत आहे.

काय केलं

आधी अर्ज. एक पान, मराठीत. मेमधल्या वजा शिल्लकेची तारीख, रक्कम, रिझर्व्ह बँकेच्या 2014 च्या परिपत्रकाचा उल्लेख, आणि जानेवारीत परत गेलेल्या दोन मागण्यांच्या आकाराबद्दल फेरविचाराची विनंती. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही हे भाऊंना दोनदा बजावलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत, चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पण तिथवर जावं लागलं नाही. बाराव्या दिवशी मेचे 590 परत आले आणि जानेवारीतले एक 590 शाखाधिकाऱ्यांनी आपल्या अधिकारात परत दिले. एकूण 1,180. कर्ज कंपनीने काहीच दिलं नाही, करारात सगळं लिहिलेलं होतं. मात्र हप्ता परत गेला तर दुसऱ्यांदा मागण्याआधी फोन करू, एवढं त्यांनी मान्य केलं आणि तसं ईमेलवर लिहून दिलं.

खरा बदल खात्यांच्या रचनेत केला. किमान शिल्लकेची अट नसलेली खाती आता सहज मिळतात. भारतीय स्टेट बँकेने ती अट मार्च 2020 मध्येच काढली, 2025 च्या मध्यापर्यंत आणखी काही सरकारी बँकांनीही काढली. भाऊंनी जुलैमध्ये फोंड्यात एका सरकारी बँकेत असं खातं उघडलं, फक्त हप्त्यांसाठी. त्याला एटीएम कार्ड घेतलं नाही, फोनवरच्या पैसे पाठवायच्या ॲपला ते जोडलं नाही. त्यात पैसे टाकता येतात, सहज काढता येत नाहीत. नवा नॅच आदेश नोंदवायला वेळ लागतो, म्हणून जुलैचा हप्ता जुन्याच खात्यातून गेला. नव्या खात्यातून 5 ऑगस्टला पहिला हप्ता गेल्याचं डोळ्यांनी बघितलं आणि मगच जुना आदेश लेखी रद्द केला. या क्रमात गडबड केली की एक हप्ता अधांतरी राहतो, हे मी बऱ्याच जणांचं पाहिलंय.

दुसरी गोष्ट वहिनींच्या लक्षात आली, माझ्या नाही. त्यांचं स्वतःचं एक खातं आहे, गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे 1,500 रुपये त्यात येतात, किमान शिल्लकेची अट नाही. "माळा मी विकते, मग क्यूआरच्या डब्यातला पैसा यांच्या खात्यात कशाला?" क्यूआर त्यांच्या खात्याला जोडला. सतरा वर्षं पगार भाऊंच्या खात्यात येत होता म्हणून सगळंच तिथे येत राहिलं होतं, त्यापलीकडे त्याला कारण नव्हतं. जुनं खातं सप्टेंबरमध्ये बंद केलं.

आणि मग ती पाचशेची रीत. 11,860 आणि 2,140 मिळून बरोबर 14,000 होतात. रोज 500 असे अठ्ठावीस दिवस म्हणजे 14,000. वहिनी दिवा लावून झाला की फोन हातात घेतात आणि आपल्या खात्यातून हप्त्याच्या खात्यात 500 पाठवतात. एखाद्या बुधवारी विक्रीच 300 झाली तर 300 पाठवतात आणि सोमवारी 700. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकोनात बारीक टिंब करतात, कमी-जास्त असेल तर आकडा लिहितात. मोबाइलमध्ये हजार ॲपं आहेत हिशेब ठेवायची, मुलीने एक घालूनही दिलं होतं. ते आठ दिवस चाललं. कालनिर्णय चालू आहे, कारण तिथे तिथी बघायला त्या रोज जातातच.

पहिल्या महिन्यात हे जड गेलं. जुलैचा पाऊस, बाजार थंड, दोनदा टिंब चुकलं, आणि ऑगस्टच्या हप्त्याला शेवटचे 1,200 भाऊंनी मुलीकडून घेतले. 27 ऑगस्टला चतुर्थी आली. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायच्या दिवसांत गाडी रोज दोन फेऱ्या मारत होती. त्या विक्रीतून 12,000 रुपये हप्त्याच्या खात्यात वेगळे टाकले, न मोडण्याच्या बोलीवर. एक हप्ता आगाऊ उशाला असला की तारखेची भीती निम्मी होते. भाऊंना मी एवढंच सांगितलं की हे 12,000 शिल्लक म्हणून मोजायचेच नाहीत. खात्यात 12,000 दिसले की समजायचं शून्य आहे.

तारीख 5 ऐवजी 12 करून घ्यावी का, हाही विचार झाला होता. कंपनी तयार होती. पण फुलांच्या धंद्याला महिन्याची तारीख नसते, वार असतो आणि तिथी असते. 12 तारीखही कधी रविवारी येणार, कधी पितृपक्षात. म्हणून तारीख तीच ठेवली.

5 ऑक्टोबर 2025 हा पुन्हा रविवार होता. दसरा नुकताच, 2 तारखेला, होऊन गेलेला, झेंडूचे पैसे अडत्याला द्यायचे होते, घरात रोख फारशी नव्हती. भाऊ पहाटे बेळगावहून परतत होते, मी वहिनींकडे जाई घ्यायला गेले होते. देवळाकडे जायची त्यांची घाई, टोपलीवर ओलं फडकं टाकत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. आता भाऊंचे बँकेचे एसएमएस त्यांच्याही फोनवर येतात, मुलीने तशी सोय करून दिली आहे. ओले हात पदराला पुसून त्यांनी तो उघडला, इंग्रजीतला आकडा बोटाने धरून वाचला, अकरा हजार आठशे साठ. मग कालनिर्णयापाशी गेल्या आणि 5 च्या चौकोनात टिंबाच्या जागी एक फुली मारली.